नेपच्यूनला थंडी वाजते

पृथ्वीसाठी निवडलेला बाजरीचा दाणा अनारकुलने पट्टीवर ठेवून पाहिला. दोन मिलिमीटर, किंचित जास्त. त्या मापाने सूर्य म्हणून फुटबॉल चालणार होता. गुरू आणि शनी म्हणजे कुरुत, वाळवलेल्या दह्याचे गोळे. युरेनस, नेपच्यून वाटाणे.

फुटबॉल शाळेच्या पायरीवर ठेवून तिने आठ मुलांना आठ ग्रह वाटले आणि गावातल्या एकुलत्या रस्त्यावर मापाच्या अंतराने उभं केलं. नेपच्यून पार शेवटच्या घरापाशी गेला.

तेवढ्यात राजधानी बिश्केकहून ताईचा फोन आला. “इथल्या शाळेतली शिक्षिकेची जागा आजपर्यंतच धरून ठेवलीय. येतेस की नाही? तीन वर्षं झाली, तिथं तुझं आहे कोण?”

“संध्याकाळी सांगते,” नेहमीप्रमाणे अनारकुल म्हणाली आणि तिने शिट्टी फुंकली.

शिट्टी ऐकून प्रत्येक ग्रहाने हात वर करायचा होता; चारच हात वर झाले. गुरूच्या पलीकडे सगळं अंतराळ रिकामं होतं, खुद्द गुरूसकट! तिने मंगळाला शोधायला पिटाळलं. तो परतला नाही. मग पृथ्वी गेली, शुक्र गेला, शेवटी बुधही. फुटबॉलशेजारी अनारकुल एकटीच उरली. मग तीच निघाली.

ग्रहमाला शेवटच्या घरात, बातमा आजींनी खाण्यासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती मांडी घालून बसली होती.

“गुरू कुठाय?” अनारकुलने विचारलं.

“चहाबरोबर खाल्ला, बाई.”

“आणि शनी?”

“तो जास्त खारट होता.”

“पोरांना ओरडू नकोस,” नेपच्यून झालेल्या मुलीला जवळ घेत आजी म्हणाल्या. “ही म्हणाली, नेपच्यूनवर सगळ्यात जास्त थंडी. मग तिला बाहेर कशी ठेवू? दारात आलेल्याला भाकरी चाखल्याशिवाय जाऊ देतात का? बाकीचे एकेक करून तिला शोधत आले.”

“मला नाही कधी बोलावलंत, आजी.”

“बोलावलं की! पहिलं वर्षभर बोलावलं. तू आपली दर वेळी ‘वह्या तपासायच्यात, घाई आहे’ म्हणायचीस. म्हटलं, शिकलेली माणसं, खरंच घाईत असतील.”

एवढ्यात अनारकुलचा फोन वाजला. शुक्र आणि मंगळ जॅमसाठी भांडत होते. आजींनी सरकून जागा केली.

“संध्याकाळपर्यंत थांबवत नाहीये गं मला,” ताई म्हणाली. “आणि हा कसला गोंगाट?”

अनारकुलने बूट काढले आणि ती बसली.

“ताई, ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ देत. मी इथंच राहतेय.”