कराराचे कासीममामू

कासीममामूंच्या घरात कूलरचासुद्धा करार होता. दुपारी बारा ते दोन वारं मामीकडे, दोन ते चार मामूंकडे. मध्येच कोणी कूलरचं तोंड फिरवलं की मामू पलंगावरूनच ओरडत, "पाळी मोडू नका!"

मामू म्हणजे धर्माबादेतले आमचे शेजारी, कालव्यावरचे पाटकरी. कालवा आपल्याकडून निघून पलीकडे तेलंगणात जातो. कोणी किती दिवस पाणी घ्यायचं, ते दोन राज्यांच्या करारात लिहिलेलं. तो कागद साहेबांनीही धड वाचला नसेल, मामूंना मात्र कलमांसकट पाठ. ठरल्या तासाला कालव्याचं दार उघडायचं आणि ठरल्या तासाला पाडायचं, मग पुढाऱ्याचा माणूस येवो नाहीतर खुद्द यमराज.

माझी मुलगी लातूरला क्लासला होती. तिचं वेळापत्रक मी कौतुकानं दाखवलं. मामूंनी चष्मा लावून एकेक रकाना तपासला. "पाळीपत्रक बेस हाय, मास्तर. पन लेकराच्या झोपीचं पानी कोन चोरून राहिलं?" मी हसण्यावारी नेलं, पण त्याच आठवड्यात तिचा एक क्लास बंद केला.

या करारापायी मामूंनी स्वतःची लेक मात्र दुखावली. रझिया पलीकडच्या पहिल्याच गावात दिलेली. एका उन्हाळ्यात तिची मिरची वाळायला लागली. तिनं फक्त एक दिवस आधी पाणी मागितलं. मामू म्हणाले, "तारीख परवाची हाय, बेटा." मिरची गेली, आणि रझियाचं माहेरी येणंही बंद झालं. मला तेव्हा मामूंचा संताप आला होता.

तेव्हापासून पलीकडची पाळी सुटली की मामू पाण्याच्या तोंडाबरोबर काडीकचरा काढत सरहद्दीपर्यंत पायी जात. एकदा मीही गेलो. वाटेत म्हणाले, "एकच लफ्ज बोलती रझिया. तेवढ्यासाठी येतो."

दुपारी पोचलो. पलीकडच्या बांधावर रझिया खोरं घेऊन उभी होती.

"पानी आया क्या?" मामूंनी विचारलं. पाणी तिच्या पायाशीच होतं.

"आया." तिनं दोन खोरी माती ओढली आणि थांबली. "खाये क्या, अब्बा?"

"हाव, पेटभर," मामू कसेबसे म्हणाले.

"खोटं बोलताहेत! सकाळपासून नुसत्या चहावर आहेत!" मी ओरडलो.

रझियानं खोरं टाकलं आणि मामूंना पलीकडे घ्यायला कालव्यावरच्या फळीवरून हात पुढे केला. मामूंचे डोळे भरून आले.

"मास्तर," ते मला विचारू लागले, "दार पाडायला अजून वखत हाय ना?"

अजून तीन दिवस होते, आणि हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.