पडवीतली दुसरी चूल

लेव्हीच्या अंमलदाराची सायकल वेशीत दिसली, की आमचे चुलते नाना धोतराचा सोगा खोचत आणि थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, शिव्या द्यायला लागत. सायकल गेली, की त्याच भावाकडे तंबाखू मागत.

आमच्या गावात, सोनईत, अजून म्हणतात, नानांनी घर फोडलं. ते खोटं आहे.

लढाईच्या दिवसांत सरकार सक्तीनं धान्य घेई, तीच लेव्ही. जमीन मोठी, तर एकरी लेव्हीही जास्त. भाऊ विभक्त दाखवले, की भार हलका. पण अंमलदार कागदावर भागवत नसे, चुली बघे. "पडवीत दुसरी चूल घालू," हे मी सुचवलं. नाना विधुर, मूलबाळ नाही. त्यांनाच तिथं बसवलं.

नानांना सोंग भलतंच मानवलं. बैल धुतानाही तालीम चाले. "वैनी, 'माझं रान खाल्लं' म्हनू का 'गिळलं'?"

"गिळलं म्हना, भावजी. लई शोभतं," आई हसून म्हणे.

एकदा रंगात येऊन त्यांनी वडिलांवर पायताण उगारलं. अंमलदारच मध्ये पडला. त्याची पाठ वळताच नाना कुजबुजले, "दादा, बरं झालं त्यो आडवा आला. फुडचं मला येतच नव्हतं!"

अंमलदार कधी येईल याचा नेम नसे. सगळ्यांचे कान वेशीकडे. चूल गरम हवी म्हणून नाना तिथंच भाकरी भाजू लागले. आधी अधूनमधून, मग रोज. आई आत कमी पीठ मळू लागली. पंगतीत वडिलांशेजारी, नानांच्या जागी, माझा मुलगा बसू लागला.

लेव्ही उठल्याची दवंडी झाली, त्या संध्याकाळी नाना स्वतःची थाळी घेऊन आत आले. आम्ही जेवत होतो.

"संपलं बरं का आपलं भांडन!"

आईनं टोपल्यात पाहिलं. भाकरी मोजक्याच होत्या. तिनं सहज विचारलं, "भावजी, आज तुमी भाजल्या न्हाईत व्हय?"

नानांनी थाळी पाठीमागे घेतली. "भाजल्या की. ह्ये सांगायला आल्तो नुसता."

वडिलांनी मान वर केली नाही. मी मांडी आवरली असती, तर एक माणूस बसलं असतं. मी कालवण वाढून घेतलं.

नाना गेले. जरा वेळानं पडवीकडून धूर आत येऊ लागला.