प्लग काळा पडला

चिंतामणी मास्तरांनी फटफटीला उभ्या जन्मात हात लावला नव्हता, पण फटफटीबद्दल लोणावळ्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शर्यतीतलं इंजिन ताशी सत्तर मैल पळताना त्याच्या पोटात काय चालतं, हे ते विलायतेहून मागवलेल्या जाडजूड पुस्तकांत सात वर्षं वाचत होते. तळेगावचे सासरे दिगंबरपंत भर पंगतीत विचारायचे, "जावईबापू, वाचून कुणी पोहायला शिकलंय का हो?" पंगत हसायची आणि मास्तर पानातला भात चिवडत बसायचे.

शेवटी मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाची जुनी फटफटी त्यांनी घेतली, आठवडाभर मैदानात पडत-झडत चालवली आणि सासऱ्यांना कार्ड धाडलं : 'रविवारी सकाळी दहाला फटफटीवरून दारात येतो. सगळी आळी गोळा करा.'

रविवारी वाटेतच फटफटी खोकली आणि बसली. मास्तरांनी इंजिनाचा प्लग काढून पाहिला, तर काजळीनं काळाकुट्ट! अगदी पुस्तकातलं पान एकशे तेरा! मास्तरांना आनंदच झाला. घासून साफ करायला तासभर लागणार होता. तेवढ्यात तळेगावकडे निघालेला नथूचा टांगा दिसला.

"नथू, दिगंबरपंतांना निरोप दे. म्हणावं, प्लग काळा पडलाय."

नथूचा चेहरा उतरला. मागच्याच साली प्लेगनं त्याचा सख्खा भाऊ नेला होता. "मास्तर, तुमी हात तर न्हाई ना लावला?"

"लावला की! हे बघ, हात काळे झालेत. पण काळजी नको म्हणावं, तासाभरात येतो!"

नथूनं घोड्याला असा चाबूक ओढला, की बिचारं चारी पायांवर उडालं. तळेगावात आळीच्या तोंडाशीच तो ओरडला, "पंत, मास्तरांना पिलेग झालाय! हात काळं पडल्यात! आन् तासाभरात हितंच येतायत!"

चुलीवरचा भात चुलीवर ठेवून आळी माळावर पळाली.

मास्तर भोंगा वाजवत शिरले, तो दारोदार कुलपं. फक्त म्हातारी धोंडाबाई ओट्यावर बसली होती. पायांनी अधू, तिला नेणार कोण? "धोंडाबाई, आलो बरं का!" मास्तर ओरडले. "आलास? ये बाबा," ती म्हणाली. मास्तरांचे डोळे भरून आले. चला, एका जिवानं तरी पाहिलं!

मागोमाग नाकाला फडकी बांधलेले शिपाई आले. मास्तर दहा दिवस प्लेगच्या छावणीत बसले. त्यांची पुस्तकं जाळली गेली, आणि रोगाचं मूळ म्हणून फटफटीच्या टाकीतही फिनेल ओतलं. ती पुन्हा कधी सुरू झाली नाही.

अकराव्या दिवशी दिगंबरपंत आले. दहा हात लांबच उभे राहिले.

"आळी म्हणते, ती फटफटी बैलांनी ओढत आणली."

"खोटं! मी चालवत आणली, मामा. धोंडाबाईला विचारा, तिनं पाहिलंय."

पंतांना पहिल्यांदाच जावयाची कीव आली. ते चार पावलं पुढे आले.

"विचारलं. गिरणीचा आवाज आला म्हणते." त्यांनी मान खाली घातली. "तिला गेली पाच वर्षं दिसत नाही, जावईबापू."