कांबळेच्या कानामागची बिडी

बिडी सोडल्यापासून कांबळे मलेरियावाल्याच्या कानामागे कायम एक बिडी असायची, पण ती पेटलेली मी एकदाच पाहिली. दर मंगळवारी तो शिरड शहापूरहून सायकलवर आमच्या गावात यायचा, तापाच्या गोळ्या वाटायचा, भिंतीवर तारीख लिहायचा. वाटेत कुणी बिडी पेटवताना दिसला की उतरून म्हणायचा, “बराबर हाय, पण आत्ता न्हाई. मी पिंपळापर्यंत जाऊन येतो, मग पेटवा.” पोलीस पाटलालाही त्याने सोडलं नाही.

या खुळाचं मूळ माझा धाकटा भाऊ दत्तू. त्याचं डोकं आठ वर्षांपासून ठिकाणावर नव्हतं. एकटाच बोलायचा आणि बिडीवर बिडी ओढायचा. दोन गोधड्या जळाल्यावर वडलांनी अकरा रुपयांची साखळी आणली. पुन्हा जाळ दिसला की दत्तू खुंट्याला.

“मालक, साखळी राहू द्या. मी सोडवतो त्याची बिडी,” कांबळे म्हणाला.

“तूच तर धुराडं हायेस.”

“मग मीबी सोडतो. दोघं मिळून.”

त्याला हे सोपं नव्हतं. कांबळे बौद्ध. आमच्या ओट्यावर त्याचा कप वेगळा. त्याच्या बिडीवर आपली बिडी पेटवून घेणारा गावात दत्तू एकटाच होता. त्या निमित्ताने दोघं गोठ्यात टेकायचे, बोलायचे. बिडी सुटली की ते निमित्तही सुटणार होतं.

“काहून छळून राहिला रे मला?” दत्तू विचारायचा.

“छळतो बराबर. पण पेटवू नको आत्ता.”

दत्तू चक्क हसायचा. दिवाळीपर्यंत दोघांचीही बिडी सुटली.

मग कांबळेला महिनाभर वारंगा फाट्याकडे फवारणीला धाडलं. त्याच महिन्यात आमची कडब्याची गंजी पेटली. कुणी पेटवली ते कुणी पाहिलं नाही. दत्तू जवळ उभा होता, एवढंच.

कांबळे परतला तेव्हा दत्तूच्या पायात साखळी होती.

“मालक, त्यानं बिडी सोडली होती.”

“येड्याचा काय भरोसा?” वडील म्हणाले.

कांबळे गोठ्यात जाऊन दत्तूशेजारी शेणातच बसला. त्याने कानामागची बिडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला आणि ती दत्तूपुढे धरली.

दत्तूने मान हलवली. “बराबर हाय, कांबळे. पण आत्ता न्हाई.”

कांबळेने बिडी जमिनीवर घासून विझवली आणि उरलेली अर्धी दत्तूच्या कानामागे ठेवली. मी वडलांकडे पाहिलं. ते तिथेच बैलांना वैरण टाकत होते. साखळी तशीच राहिली.