न गाणारा गायक

माणसाला ऐकायची अतोनात हौस असते. फक्त कोणी काही सांगितलेलं त्याला चालत नाही. निव्वळ वाद्यांवर चालणाऱ्या रॉक बँडची लोकप्रियता याच भक्कम पायावर उभी आहे. आमच्या गावच्या बँडची हकिकत याचा पुरावा मानावी.

या बँडमध्ये मुळात चार जण. गिटारवर लिफ्ट दुरुस्त करणारा, ड्रमवर एक दंतवैद्य, बेस गिटारवर पोस्टमन (तो काय वाजवतो हे कोणाला कळत नसे, पण नसला की चुकल्यासारखं वाटे) आणि चौथा गायक. गायक हा लिफ्टवाल्याचा मेहुणा. ही त्याची एकमेव सांगीतिक पात्रता, आणि ती वादातीत होती.

मेहुणा गाऊ लागला की श्रोते उठून जात. शिस्तीत, मागच्या रांगेपासून. एकदा ऐन कार्यक्रमाच्या दुपारी दंतवैद्याने त्याची अक्कलदाढ काढली. (वैद्यकीय निकड होती, असं तो आजही सांगतो.) तोंडात कापसाचा बोळा धरून मेहुणा घरी बसला आणि बँड नुसताच वाजला.

त्या दिवशी कोणी उठलं नाही. एक बाई तर रडल्या. "आमच्या सासूबाईंबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं!" शेजारी सासूबाईही डोळे पुसत होत्या, सुनेबद्दल त्यांचं हेच मत झालं होतं. दोघी हातात हात घालून घरी गेल्या. संपावरचे कामगार आणि त्यांचा मालक यांनी एकाच सुरावटीला एकदमच मुठी उगारल्या. सर्व वयोगटांत समाधानाचं प्रमाण शंभर टक्के भरलं, नवविवाहितांत एकशेचार.

गायकाविना पुढे जायचं, असा ठराव एकमताने झाला. लिफ्टवाला घरी पोचेपर्यंत तो टिकला.

"माझ्या भावाला काढलंत?" बायकोने विचारलं.

"काढलं कुठे? स्टेजवर असेलच की तो."

"आणि माइक?"

"त्याच्यासमोर."

"चालू?"

लिफ्टवाला भिंतीकडे बघू लागला.

"बंद असला तरी चालेल," ती म्हणाली, "पण मधोमध पाहिजे."

अशा रीतीने मेहुणा मधोमध उभा राहिला आणि गायला नाही. संगीत टिपेला पोचलं की तो डोळे मिटून ओठ माइकपाशी नेई, खोल श्वास घेई आणि मागे सरे. लोक वेडे होत. खुर्च्यांवर उभे राहत. "काय गात नाही हो हा माणूस!" असं जाणकार म्हणत. शेजारच्या गावाने घाईघाईने आपलाही एक न गाणारा उभा केला, पण त्याच्या न गाण्यात ती खोली नव्हती. मेहुण्याने आंबट सोडलं, थंड पाणी सोडलं, पहाटेचा रियाझ धरला. एकदा सर्दी झाली, तेव्हा सभागृहाच्या दारावर पाटी लागली: 'घसा बसल्यामुळे गायक आज न गाण्याच्या स्थितीत नाहीत.' लोक हळहळत परतले.

एके दिवशी पडद्यामागे तो हळूच म्हणाला, "भाऊजी, मला एकदा गायचंय."

"अरे, सगळं छान चाललंय ना?"

"चाललंय. पण माझं काही चाललेलं नाही."

दंतवैद्याने आपली बॅग जवळ ओढली. पोस्टमनने ती पायाने लांब सरकवली आणि स्वतः जाऊन माइकचं बटण दाबलं.

मेहुणा गायला. सकाळी आरशासमोर दाढी करताना उगीचच खूश होणाऱ्या एका माणसाचं साधं गाणं. रियाझामुळे आवाज खरोखरच सुरेल झाला होता. गाणं संपलं. मग मधल्या रांगेतून एक दुखावलेला आवाज आला, "पण यात मी कुठे आहे?"

आणि सगळे खवळले. फसवणूक झाली म्हणाले. बहीण तेवढी एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होती, हात लाल होईपर्यंत.

मेहुणा हल्ली बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करतो. तिथे लोक त्याचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकतात आणि धावत सुटतात. तो अत्यंत सुखात आहे. बँडच्या मधोमध आता नुसताच माइक असतो. गर्दी दुप्पट.

हे सगळं नेमकं कोणाला उद्देशून लिहिलंय, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. त्या व्यक्तीला हे वाचायला द्यावं, असंही मनात आलं असेल. अवश्य द्या. तिने ते कालच वाचलंय, आणि तुमच्यासाठीच बाजूला काढून ठेवलंय.