हीटरवाले अण्णा

एप्रिलच्या दुपारी सगळं बेंगळूर पंख्याखाली आडवं झालेलं असताना, डोक्याला लोकरीची कानटोपी, स्वतःच्याच आवारात उभी असलेली गाडी, तिची दारं नि खिडक्या घट्ट लावलेल्या आणि आत हीटर चालू, अशा अवस्थेत बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझा घरमालक आहे.

नाव तुळजाराम राव. बसवनगुडीतलं जुनं मराठी घर. पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचं विसरले. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते आणि त्यांच्या बायकोला अक्का. मी मूळचा पुण्याचा, कोरमंगलातल्या एका कंपनीत कोड लिहितो, म्हणजे अण्णांच्या हिशेबी रिकामटेकडाच. "हाताला काळं लागत नाही ते काम कसलं रे मंदार?" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

अडीच वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे वरची खोली बघायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "खोली कुठे पळून चाललीय? आधी इकडे ये." इकडे म्हणजे गाडीत. जुनी बारा जणांची व्हॅन. त्यातल्या सीट काढून अण्णांनी दोन बर्थ, छोटासा ओटा आणि कपाटं बसवली होती. चाकांवरचं घरच म्हणा ना. बर्थखाली डिझेलवर चालणारा हीटर होता. मला बसवलं, दार लावलं, बटण दाबलं. पंखा घुमला, पंप टिकटिकला आणि पाच मिनिटांत माझ्या शर्टाचं पोतेरं झालं.

"ऊब कशी आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. दार उघडावं एवढीच माझी इच्छा होती. खोली मी न बघताच घेतली.

"आधी धूर, मग सूर" हा अण्णांचा मंत्र. हीटर चालू केला की ते आधी गाडीखाली वाकून धुराची नळी बघतात. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय. काहीच दिसलं नाही तर पोट साफ. मग पंपाला कान लावायचा. टिकटिक अडखळली की नळीत बुडबुडा अडकलाय, आणि टिकटिक नसलीच तर बॅटरीपासून तपासायला लागायचं. "आणि मंद आचेवर फार वेळ ठेवायचा नाही, काजळी धरते. रोज दहा मिनिटं फुल सोडायचा." हे ज्ञान दूधवाल्यापासून पुरोहितांपर्यंत सगळ्यांना मिळालेलं आहे. एका लग्नात कुणीतरी "तब्येत काय म्हणते अण्णा?" असं विचारलं, तर हे म्हणाले, "काल सकाळी स्वल्प धूर दिला, आज बरी आहे." विचारणारा बिचारा घाबरून खुर्ची शोधायला लागला.

अक्कांनी या वेडाचा संसारी उपयोग शोधून काढला होता. ढगाळ दिवसांत त्या गाडीत संडिगे, म्हणजे आपल्या सांडग्या-कुरडयांचे इकडचे भाऊबंद, वाळत घालायच्या. शेजारच्या मुलांचे ओले युनिफॉर्मही तिथेच लटकायचे. "लोकांचे नवरे निवृत्त झाले की डोकं खातात," अक्का म्हणायच्या, "माझ्या नवऱ्यानं मला वाळवणाची गाडी दिली."

पण गाडी काही वाळवणासाठी नव्हती. अण्णा बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथली रीत अशी, की सगळ्या कारखान्याला सुट्टी लागली की मेंटेनन्सवाल्यांचं काम सुरू. यंत्रं बंद असतात तेव्हाच ती उघडता येतात. दसरा असो, उन्हाळा असो, बाकीचे सहकुटुंब गावाला जायचे आणि अण्णा यंत्राच्या पोटात शिरायचे. अक्कांची एकच हौस होती, पडता बर्फ बघायची. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अण्णांनी शब्द दिला होता. मग दरवर्षी घरी येऊन, मान खाली घालून सांगायचं, "यंदा जमत नाही." अशी अडतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात ते ही व्हॅन घेऊन आले. अक्कांना संधिवात, थंडी सोसत नाही. म्हणून हीटर. एवढा सरळ हिशेब होता.

गेल्या दोन वर्षांत हिमाचलात जायचा दिवस तीनदा ठरला. तिन्ही वेळा अक्कांनी चटणीपुडी केली, चकल्या केल्या, स्वेटर काढले. गल्ली निरोप द्यायला जमली, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. आणि तिन्ही वेळा अण्णांनी शेवटचं म्हणून बटण दाबलं, तेव्हा पंप गप्प. "जमत नाही. याच्या भरवशावर तुला थंडीत नेणार नाही मी." अक्का म्हणायच्या, "सरी, ठीक आहे. नीट होऊ दे, मग जाऊ." संध्याकाळी त्याच लिंबांचं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, व्हायचं आणि वर माझ्या खोलीतही यायचं.

तिसऱ्या वेळी मी ते चित्रान्न अर्धंच खाल्लं. डबा परत द्यायला खाली गेलो तर अक्का कपाटापुढे उभ्या. स्वेटरची चळत आत ठेवून झाली होती, पण हात तिच्यावरच होता. मला फार वाईट वाटलं आणि अण्णांचा रागही आला. एवढा मोठा मेंटेनन्सवाला, एक पंप चालू होईना?

चार दिवस मी त्या हीटरचं माहितीपुस्तक वाचलं. शनिवारी सकाळी अण्णा मेट्रोनं चिकपेटला नळीचे क्लॅम्प आणायला गेले आणि मी गाडीत शिरलो. बॅटरी ठणठणीत. नळीत बुडबुडा नाही. फ्यूजचा डबा उघडला, तर पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी! फ्यूज तिथेच बाजूला, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला. वर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी, "पंप".

मला हसू आलं. म्हातारपण! काढून ठेवला आणि विसरले. फ्यूज बसवला, बटण दाबलं. टिक, टिक, टिक. गरम झोत सुटला. मी ओरडलो, "अक्का, झाला चालू! बॅगा भरा!"

अक्का हात पुसत आल्या. गाडीच्या दाराशी थांबल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"अय्यो, काय केलंस हे," त्या म्हणाल्या. "काढ तो फ्यूज. ते यायच्या आत काढ."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं. हिला उंचावर नेऊ नका, छातीला झेपणार नाही. दार नीट लागलं नव्हतं रे. मी सगळं ऐकलं. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"अडतीस वर्षं मान खाली घालून 'जमत नाही' म्हणाले ते. आता परत म्हणायला लावू? तेही माझ्या दुखण्यापायी? त्यापेक्षा हीटरलाच 'जमत नाही' म्हणू दे."

यंत्र बिघडवणं ज्याच्या हाताला जमत नाही, असा माणूसच फ्यूज फडक्यात गुंडाळून ठेवणार. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी घाईघाईनं डब्याकडे वळलो, तेवढ्यात फाटक वाजलं.

अण्णा फाटकातच उभे राहिले. हातात पिशवी. पंपाची टिकटिक त्यांना तिथून ऐकू येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे. इतकं घाबरलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. आता हीटर बरा झाला होता आणि सांगायला कारण उरलं नव्हतं.

अक्का गाडीत चढल्या. बर्थवर बसल्या आणि पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"मंदारनं चालू केलाय हो," त्या म्हणाल्या. "पण ऊब काही येत नाही. गारच लागतंय."

झोत माझ्या तोंडावर येत होता. भुवया भाजत होत्या.

अण्णा हळूहळू आत आले. पिशवी खाली ठेवली. झोतापुढे तळवा धरला आणि चांगला मिनिटभर तसाच ठेवला. चटके बसले असतील.

"होय गं," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "गारच आहे. अजून काम आहे याचं."

"सावकाश करा. घाई नाही मला."

अण्णा त्यांच्याशेजारी बसले. दोघांचे चेहरे घामानं निथळत होते. कोण काय जाणतं, हे त्या क्षणी दोघांनाही पुरतं कळलं असावं. पण कुणी त्याला हात लावला नाही.

"बर्फ पडताना आवाज येतो का हो?" थोड्या वेळानं अक्कांनी विचारलं.

"नाही म्हणतात."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. मी खाली उतरलो आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हलकेच दार लावून घेतलं.