एक हजार नऊ चिकू

चिकू कसे मांडायचे, ते दिनानाथला कुणी शिकवायचं नाही! घिवलीत त्याची चिकूवाडी, आणि गेली पंधरा वर्षं देवीच्या जत्रेतली आरासही त्याचीच. एक हजार आठ चिकू, प्रत्येक ओळ सारखी, एक इकडे नाही की तिकडे नाही. यंदा झाडं लगडली तसा गडी खुशीत आला आणि देवीपुढे हात जोडून बोलून बसला, "आई, यंदा शकुनाचा एक जास्त. एक हजार नऊ!"

लेक किंजलने कपाळाला हात लावला.

"बाबा, एक हजार नऊ सारख्या ओळींत नाय बसणार. त्याला कशानेच भाग जात नाय."

किंजलला पुण्याला गणित शिकायला जायचं होतं. कॉलेजात नाव लागलं होतं, घोडं अडलं होतं बापाच्या होकारापाशी. "आकडे शिकून पोट भरतं काय?" हे त्याचं ठरलेलं. आता तर भर मांडवात तो गरजला, "बसतील! नाय बसले तर जा पुण्याला!"

झालं! मांडामांड सुरू. सात ओळी लावल्या, एक चिकू उरला. आठ लावल्या, एक उरला. नऊ, एक! बारा, तरी मेला एकच!

"हा चिकूच बाधलेला हाय!" म्हणत दिनानाथने तो बदलून टोपलीतला दुसरा घेतला. चौदा ओळी लावल्या. उरला की हो एक! अकरा लावून पाहिल्या तर आठ उरले, म्हणजे दुखणं वाढलंच.

"अवो, खाऊन टाका ना तो एक," बायको मंदा म्हणाली.

"देवीला शब्द दिलाय, खाऊ कसा?"

"मग एक वाढवा."

"नवस हाय तो, भाजी नाय वाढवायला!"

आरतीची वेळ झाली. दिनानाथ घामाघूम होऊन मटकन खाली बसला. "तूच सांग गो किंजल. किती ओळी?"

"एक."

आणि लागली की एकच ओळ! गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून निघाली, मांडवातून, पायऱ्या उतरून थेट देवळाशेजारच्या चिकूवाडीच्या फाटकापर्यंत. अशी आरास गावाने जन्मात पाहिली नव्हती. जो तो पाठ थोपटू लागला. दिनानाथचे डोळे भरून आले. "जा गो पुण्याला," तो हळूच म्हणाला.

सगळे आरतीला गेले. फाटकाशी राखणीला दिनानाथ एकटा. तेवढ्यात जानूची शेळी आली आणि शेवटचा चिकू मटकावून गेली!

राहिले एक हजार आठ. आता सात म्हणा, नऊ म्हणा, हव्या तेवढ्या ओळी! कुणी मोजलं तर पैजेचं आणि पोरीच्या पुण्याला जाण्याचं काय? दिनानाथने इकडेतिकडे पाहिलं, लगबगीने वाडीत शिरला, हाताला आला तो चिकू तोडला आणि ओळीच्या टोकाला ठेवला.

"पाहिलं मी, बाबा," मागून किंजल म्हणाली.

"काय पाहिलंस?"

"कच्चा हाय तो."

"असू दे," दिनानाथ ओशाळून म्हणाला, "मोजायला चालतो!"